स्प्लेंडरचं ऑइल लेव्हल नक्की कसं बघायचं? डबल स्टँड का साईड स्टँड, आणि काडी आट्यात फिरवायची का नुसती टेकवायची?

जुळेसोलापूर_स्प्लेंडर

नमस्कार मंडळी. गाडी स्प्लेंडर प्लस, २०१७ ची, कार्बोरेटरवाली. रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी जाणं-येणं, रविवारी वडिलांना घेऊन कधी अक्कलकोट कधी तुळजापूर, म्हणजे गाडीला आराम असा नाहीच. परवा सर्व्हिसिंग करून आणली. गॅरेजमध्ये मी समोरच उभा होतो, त्यांनी जुनं ऑइल सोडलं, एक लिटरची बाटली फोडली आणि सगळी ओतली, ऑइल मोजायची बुचाला जोडलेली काडी काढून बघितलीच नाही. विचारलं तर म्हणाले बरोबर बसतं.

आता घरी बघतोय तर दरवेळी वेगळंच दिसतंय. सकाळी गाडी थंड असताना डबल स्टँडवर लावून, काडी पुसून, पूर्ण फिरवून बसवून काढली तर ऑइल वरच्या रेघेच्या बरंच वर. संध्याकाळी कामावरून आल्या आल्या साईड स्टँडवरच काढून बघितली तर खालच्या रेघेला पण धड लागत नाही. एकाच दिवसात एवढा फरक कसा पडतो? गाडीखाली एक थेंब नाही, धूर नाही.

शेजारचे काका म्हणतात ऑइल कमी आहे, शंभर-दीडशे मिली अजून घाल, उन्हाळा आहे, इंजिन बसेल. वडील म्हणतात थांब, आधी नीट माहिती काढ, मग हात लाव. म्हणून विचारतोय. स्टँड कुठला, इंजिन गरम का थंड, काडी फिरवायची का नाही, आणि खरंच जास्त भरलं असेल तर काय करायचं? बाहेर ४२ च्या वर पारा आहे म्हणून जरा काळजी वाटतीय.

अशोकचौक_मिस्त्री

भावा, आधी एक कर, आत्ता एक थेंबही ऑइल घालू नको. वडील बरोबर सांगतायत.

तू दोन वेळा बघितलंस आणि दोन्ही वेळा पद्धत वेगळी होती, म्हणून आकडा वेगळा आला, ऑइल कुठं गेलेलं नाही. स्प्लेंडरची काडी इंजिनच्या उजव्या बाजूला असते, ते काळं बूच. साईड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, म्हणजे आतलं ऑइल सगळं डावीकडं सरकतं आणि उजवीकडं काडीपाशी पातळी खाली जाते. त्यात तू गाडी बंद केल्या केल्या बघितलंस. चालू इंजिनमध्ये पंप ऑइल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या डोक्यात नेतो, तिथं व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमवर, रॉकरवर, क्लचमध्ये, गिअरमध्ये सगळीकडं ऑइल उडालेलं असतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो. दोन्ही कारणांनी कमी दिसणार. सोलापुरात निम्मी लोकं अशीच बघलालेत आणि कमी आहे म्हणून वरनं ओतलालेत.

सकाळी उलटं झालं. रात्रभरात सगळं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाला जमा झालेलं, त्यात तू काडी आट्यात पूर्ण फिरवून बसवलीस. फिरवली की काडी आट्याच्या उंचीएवढी जास्त आत बुडते, म्हणजे जास्त दाखवते. स्प्लेंडरला काडी फिरवायची नाही. पुसायची, भोकात सरळ सोडायची, बूच आट्यांच्या तोंडावर नुसतं टेकलं पाहिजे, आणि तशीच वर काढायची. लिहून ठेव, कारण ह्या चुकीचा धोका उलट्या बाजूचा आहे, फिरवून बघणाऱ्याला ऑइल कमी असलं तरी भरलेलं दिसतं आणि तो निवांत फिरत राहतो.

आता बरोबर पद्धत. गाडी सपाट जागेवर घे. सपाट म्हणजे खरंच सपाट, आपल्याकडं घरापुढं शहाबादी फरशी असते आणि तिला गटाराकडं उतार दिलेला असतो, डोळ्याला कळत नाही, तांब्याभर पाणी ओतून बघ कुठं पळतंय ते. डबल स्टँडवर लाव. इंजिन चालू करून तीन-चार मिनिटं आयडलवर राहू दे, रेस मारत बसू नको. बंद कर. दोन-तीन मिनिटं थांब. मग बूच काढ, काडी स्वच्छ फडक्यानं पुस, सूत सुटत असलेल्या कॉटन वेस्टनं पुसू नको, धागे आत जातात. नुसती टेकव, काढ, आणि आडवी न धरता खाली टोक करून बघ. आडवी धरली की ऑइल काडीवर वर पळतं आणि खोटं दाखवतं. दोन रेघांच्या मध्ये जो जाळीसारखा खाचांचा भाग आहे त्यात कुठंही असलं तरी चालतं, वरच्या रेघेच्या जवळ असलं तर उत्तम.

आणि सायलेन्सरचा बेंड त्याच बाजूला आहे, तो तापलेला असतो, मनगट जपून.

विजापूररोड_१५०

मिस्त्रींनी स्प्लेंडरचं सांगितलंच आहे, पण इथं पल्सर आणि बुलेटवाले पण वाचत असतील म्हणून लिहितो, त्यांनी काडी शोधत बसू नये. पल्सर १५० ला उजव्या बाजूला खाली गोल काचेची खिडकी असते. ती साईड स्टँडवर बघितली की रिकामी दिसते आणि माणूस घाबरतो. गाडी सरळ उभी केली की ऑइल खिडकीत येतं. खिडकीच्या बाजूला दोन खुणा असतात, पातळी त्यांच्या मध्ये पाहिजे. अख्खी काच भरून काळी दिसत असेल तर ते चांगलं लक्षण नाही, पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली असू शकते, रेघ दिसली पाहिजे. गाडी जराशी डावीकडं कलवून बघा, रेघ खाली सरकताना दिसते, नुसती काच काळी पडली असेल तर सरकणार नाही.

एकट्यानं बघायचं असेल आणि डबल स्टँड नसेल तर सीटवर बसून गाडी सरळ धरायची आणि मोबाईल खाली धरून फोटो काढायचा, खाली वाकून बघायला गेलं की गाडी हमखास कलते. सगळ्यात बरं म्हणजे घरातल्या कुणालातरी गाडी धरायला सांगायची.

बुलेट, क्लासिक ३५० ला पण खिडकीच आहे. मात्र जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं गणित पूर्ण वेगळं, तिथं ऑइलचा कप्पा वेगळा असतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात उतरतं, काडी कोरडी दाखवते. तिथं न चालवता वरनं ओतलं की संपलं, चालू केल्यावर सगळं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून बाहेर.

जुळेसोलापूर_स्प्लेंडर

खूप आभार मिस्त्री, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पाणी ओतून बघितलं, आमच्या पोर्चला चांगलाच उतार निघाला, पुढचं चाक खाली होतं. मग गाडी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नेऊन तुम्ही सांगितलं तसं केलं, वडील घड्याळ घेऊन उभे. आता दोनदा बघितलं तर दोन्ही वेळा सारखंच आलं, एवढ्यानंच बरं वाटलं. वरच्या रेघेच्या वर आहे, साधारण गव्हाच्या दाण्याएवढं. म्हणजे जास्तच भरलंय ना? का एवढं चालतं? काकांना सांगितलं तर ते म्हणतात जास्त असलेलं चांगलं, तेल काय वाईट करतंय.

अशोकचौक_मिस्त्री

तेल जास्त झालं की वाईटच करतं. इंजिनमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा फिरत असतो, ऑइल त्याच्यापर्यंत चढलं की तो त्यात आपटतो आणि त्याचा फेस करतो, ताकाच्या रवीसारखं. फेसाळलेल्या ऑइलमध्ये हवा असते, पंपानं हवा ढकलली तर हेडला काय मिळणार? शिवाय आत दाब वाढतो, मग ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं, फिल्टर भिजतो, गाडी पेट्रोल जास्त खाते, धूर काढते. काही वेळा सील फोडून बाहेर येतं, मग लोकं म्हणतात नवीन ऑइल टाकलं आणि गळती लागली.

तुझं दाण्याएवढं वर आहे, लगेच इंजिन जाईल असं काही नाही, भिऊ नको. पण रोज पुणे हायवेला पळवतोस आणि ऊन असं, तर काढून टाक. सोपं आहे. मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आण, तिला सलाईनची पातळ नळी जोड, काडीच्या भोकातून आत सोड आणि ओढ. थोडं काढायचं, परत बघायचं, असं करत वरच्या रेघेच्या किंचित खाली आणायचं. खालचा नट सैल करून "थोडंसं सोडतो" असं करू नको, गरम ऑइल हातावर येतं आणि अंदाज राहत नाही, बदाबदा जातं.

काढलेलं ऑइल स्वच्छ बाटलीत ठेव, नवीनच आहे, टॉपअपला येईल. जुनं असतं तर गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नको म्हणलं असतो, गॅरेजला नेऊन दे, जुनं ऑइल घेणारे येतात आमच्याकडं.

आणि बाटलीच्या मापावर कधीच जाऊ नका. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं ऑइल बदलताना आणि दुसरा इंजिन पूर्ण खोलून जोडताना, दुसरा जास्त असतो. कारण नट काढून सोडलं तरी थोडं ऑइल कानाकोपऱ्यात राहतंच. मोठा आकडा धरून भरलं की जास्त होणार. हिरोच्या गाड्यांसाठी ९०० मिलीची बाटली मिळते, तिथंही शेवटचा भाग काडी बघत बघतच टाकायचा. मी स्वतः थोडं राखून ओततो, गाडी दोन मिनिटं चालू करतो, थांबतो, बघतो, मग उरलेलं.

लष्कर_७५

एक शंका. आमच्या घरात पहिल्यापासून सकाळी थंड इंजिनवरच बघायची पद्धत आहे, आणि कधी काही बिघडलं नाही. रात्रभर सगळं तेल खाली बसलेलं असतं, तेव्हाच खरं माप नाही का? गरम केल्यावर तेल फुगतं पण, मग ते कसं बरोबर?

विजापूररोड_१५०

तुमचा मुद्दा अगदी बिनबुडाचा नाही. तेल गरम झालं की फुगतं हे खरं, ६० अंशांनी तापलं तर साधारण शंभराला चार एवढं. म्हणजे ९०० मिलीमागं ३५-४० मिली. पण दुसऱ्या बाजूला, चालवून बंद केल्यावर तेवढंच किंवा त्याहून जास्त ऑइल वर हेडमध्ये आणि क्लचच्या प्लेटांना चिकटलेलं असतं. ह्या दोन्ही गोष्टी धरूनच कंपनीनं काडीवर रेघा मारल्यात, थोडं चालव, बंद कर, इतकी मिनिटं थांब, मग बघ. त्यांची रेघ त्यांच्याच पद्धतीला लागू आहे. थंड इंजिनवर बघणं चुकीचं म्हणणार नाही, रोजच्या रोज कमी होतंय का एवढं ओळखायला ते चालतं, फक्त दरवेळी तसंच बघा. पण ऑइल ओतायचा निर्णय त्यावर घेऊ नका.

आणि प्रत्येक गाडीचं वेगळं असतं हे विसरू नका, काही गाड्यांना काडी फिरवून बसवून बघायला सांगितलेलं असतं. गाडीबरोबर पुस्तक मिळतं, कुणी उघडत नाही. पान शोधायला पाच मिनिटं लागतात.

अशोकचौक_मिस्त्री

लष्कर भाऊ, ह्यांनी बरोबर सांगितलं. मी एकच भर घालतो. स्प्लेंडरला मीटरमध्ये ऑइलचा लाल दिवा नाहीय. कारमध्ये दिवा लागतो तसं काही नाही. ऑइल कमी झालं तर तुम्हाला सांगणारी एकच गोष्ट आहे ती म्हणजे ही काडी. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, बरीचशी उष्णता ऑइलही वाहून नेतं असं समजा, आणि सगळ्यात आधी उपाशी राहतो तो वरचा कॅम, कारण पंपापासून सगळ्यात लांब तोच. आमच्याकडं गाड्या येतात त्या "टॅपेटचा आवाज येतोय, टाईट करून द्या" म्हणून. काडी काढली तर टोकाला पण ऑइल नसतं. कॅम खाल्लेला असतो, रॉकर खड्डे पडलेले, कधी पिस्टनला रेघोट्या. तिथं टॅपेट टाईट करून काय होणार? सात रस्त्याला सिग्नलवर उन्हात उभी असते गाडी, मागं दोघं बसलेले, वर सिलेंडर ठेवलेला, ती बोलत नाही म्हणून आपण बघायचं नाही का. पोरांनो, आठवड्यातनं एकदा, पंढरपूर-तुळजापूर असं लांब जायच्या आधी एकदा, एवढं करा. वेळ चहा उकळेपर्यंतचा लागतो.

ऑइल काळं झालं म्हणजे कमी झालं असं नाही. काळं लवकर होतं, ते घाण पोटात घेऊन फिरतंय म्हणून काळं होतं. रंगापेक्षा तीन गोष्टी बघा. दुधाळ, कॉफीसारखं दिसतंय? पाणी गेलंय, पावसात गाडी पाण्यात घातलेली असेल. बोटात चोळल्यावर कचकच लागते? धातूची भुकटी आहे, गाडी चालवू नका. आणि वास. कार्बोरेटरच्या गाडीत ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर काडीचा वास घ्या. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल आणि रात्री कॉक चालू राहिला असेल तर पेट्रोल झिरपत इंजिनमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी मात्र वर जाते, माणूस खूश होतो की ऑइल भरपूर आहे. जुळे सोलापूरवाल्या भावा, तुझ्या गाडीलाही हे एकदा बघून घे, तुझी कार्बोरेटरचीच आहे.

जुळेसोलापूर_स्प्लेंडर

वास घेतला, पेट्रोलचा नाही, साधा ऑइलचाच आहे. म्हणजे लिटरभर ओतलं हेच कारण. सिरिंजनं काढलं, वडिलांनी नळी धरली. आता वरच्या रेघेच्या थोडं खाली आहे, गाडी चालवून आणून परत बघितलं, तसंच. गाडी पण जरा मोकळी वाटतीय, का मनाचे खेळ आहेत माहीत नाही. काकांना खाली बोलावून त्यांच्यासमोर साईड स्टँडवर आणि डबल स्टँडवर दोन्ही करून दाखवलं, ते लगेच स्वतःची शाईन घेऊन आले बघायला.

टॉपअपसाठी कुठलं ऑइल घ्यायचं? घरात वडिलांच्या कारचं अर्धं उरलंय, महागडं सिंथेटिक आहे, ते चालेल का?

अशोकचौक_मिस्त्री

नाही चालणार. कारमध्ये क्लच कोरडा असतो, बाईकमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायचं द्रव्य असतं, ते क्लचच्या प्लेटांवर गेलं की प्लेटा घसरायला लागतात, रेस वाढते आणि गाडी पळत नाही. बाटलीच्या मागं जासो एमए किंवा एमए २ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं अशी खूण) लिहिलेलं बघून घे, स्प्लेंडरला १० डब्ल्यू ३०, हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड. शाईनला पण तेच ग्रेड. पल्सर १५० ला २० डब्ल्यू ५०, नव्या क्लासिकला १५ डब्ल्यू ५०. मापानं सुटं विकतात ते घेऊ नका, सीलबंद घ्या आणि सील आपल्यासमोर फोडा.

आणि कायम टॉपअप लागत असेल तर टॉपअप करत राहू नका, ते कुठं जातंय ते शोधा. सकाळी चालू करताना एकदाच निळा धूर येऊन बंद होत असेल तर बहुतेक व्हॉल्वचं सील. रेस दिली की मागं निळा धूर कायम, तर रिंगा किंवा बोअर. खाली थेंब पडत असेल तर ड्रेन नटचा वॉशर आधी बघा, तो दर वेळी बदलायचा असतो, चार-दोन रुपयाची वस्तू आहे, तोच जुना चेपलेला परत लावतात आणि मग नट जास्त आवळतात, ॲल्युमिनियमचे आटे जातात. वॉशर बदलून मागून घ्या, मिस्त्रीला वाईट वाटत नाही.

होटगीरोड_ताई

मी सगळं वाचलं, फारच उपयोगी आहे. माझी ॲक्टिव्हा आहे. तिला पण असंच का? शोरूममध्ये सर्व्हिसिंगला देते आणि ते सांगतील ते, मी कधी बघितलंच नाही कुठं असतं ते.

विजापूररोड_१५०

हो ताई, तीच पद्धत. मेन स्टँडवर सपाट जागी, थोडं चालू ठेवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. बूच इंजिनवर मागच्या चाकाजवळ खाली असतं, त्यालाच छोटी काडी जोडलेली असते. फिरवायची नाही, टेकवायची. स्कूटरला क्लच ऑइलमध्ये नसतो, म्हणून तिचं ऑइल वेगळं मिळतं, बाटलीवर स्कूटरसाठी असं लिहिलेलं असतं, जासो एमबी. बाईकचं उरलेलं टाकू नका. आणि मागच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, त्याला काडी नसते, ते सर्व्हिसिंगला आठवणीनं बघायला सांगा, बऱ्याचदा राहून जातं.

होटगीरोड_ताई

गिअरबॉक्सचं वेगळं असतं हे माहीतच नव्हतं. पुढच्या सर्व्हिसिंगला कार्डवर लिहूनच देते. बूच सापडलं, उद्या सकाळी बघून सांगते.